मिरचीच्या गोदामात ठेवलेले निकाल

22 सप्टेंबर 2023, शुक्रवार. आमच्याकडे महालक्ष्म्यांचं जेवण होतं. सोळा भाज्या, पुरणपोळी, कढी, आंबील, वडे आणि पन्नासेक पानं. शेवटची पंगत उठून भांडी आवरेपर्यंत रात्रीचे साडेअकरा झाले. बाहेर पाऊस होता, पण गणपतीतला पाऊस, येईल आणि जाईल, असं म्हणून मी आडवी झाले. मध्यरात्रीनंतर त्याचा आवाज बदलला. पत्र्यावर गिट्टीचा ट्रक रिकामा होत असावा तसा. चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"मॅडम, जुन्या इमारतीत पाणी घुसून राह्यलं. लाइट गेली हाय."

आमचा रात्रपाळीचा चौकीदार. मी पहिलं विचारलं, "मेन पाडला का?"

"पाडला जी. तुमच्या कागदावर पयलं तेच लिवलं हाय ना."

तो कागद मी त्याच्या टेबलावरच्या भिंतीवर लॅमिनेट करून लावला होता. मोठ्या अक्षरांत सात ओळी. पहिली ओळ : पाणी दिसलं की आधी मेन पाडा, मग फोन करा. वीज गेली असली तरी मेन पाडायचाच, कारण ती कोणत्याही क्षणी परत येते आणि माणूस तोवर गुडघाभर पाण्यात उभा असतो. पहाटेच्या अंधारात एकट्या माणसानं ती ओळ वाचून तसं केलं, हे ऐकून मला जे वाटलं ते आजही नीट सांगता येत नाही. पोटातून हललं काहीतरी. त्याला म्हटलं, आता आत पाऊल टाकायचं नाही, जिन्यावर बसून राहा, कितीही काही वाहून जाऊ दे.

नागपूरकरांना त्या पहाटेबद्दल वेगळं सांगायला नको. काही तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी काठ सोडून वस्त्यांमध्ये शिरली. अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी इथली माणसं झोपेतून उठली ती पाण्यातच. मोरभवनला एसटीच्या गाड्या पाण्यात उभ्या होत्या. एनडीआरएफ, एसडीआरएफ, लष्कराच्या तुकड्या होड्या घेऊन गल्ल्यांमधून फिरत होत्या. माणसं गेली, हजारो घरांची दैना झाली. त्यापुढे आमच्या इमारतीत शिरलेलं पाणी काहीच नव्हतं, हे मला ठाऊक आहे. पण माझं काम त्या इमारतीचं आहे, म्हणून त्याबद्दल लिहिते.

मी शहरातल्या एका विद्यापीठात काम करते. नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात चुकाही आहेत आणि त्या आमच्या सगळ्यांच्या आहेत. नेमणूकपत्रावर मी सहायक कुलसचिव. प्रत्यक्षात गेली काही वर्षं माझ्याकडे एकच काम आहे : काहीही झालं, पूर आला, आग लागली, सर्व्हर गेला, साथ आली, तरी विद्यापीठाचं कोणतं काम किती वेळात आणि कुणाच्या हातून परत सुरू होईल, ते आधी ठरवून ठेवणं. इंग्रजीत याला बिझनेस कंटिन्युइटी आणि डिझास्टर रिकव्हरी म्हणतात. मराठीत मी "कामाचं सातत्य" म्हणते. आमच्या आकृतिबंधात असं पद नाही. त्यामुळे लग्नकार्यात कोणी विचारलं की सांगताना वेळ लागतो.

मागच्या महिन्यात भाचीच्या मैत्रिणीनं विचारलं, "मावशी, यात करिअर होतं का?" तिला फोनवर थोडक्यात सांगितलं आणि नंतर वाटलं, हे नीट लिहायला हवं.

त्या सकाळी मी साडेनऊला पोचले. रेकॉर्ड रूममध्ये पाणी ओसरून घोट्यापर्यंत आलं होतं, पण भिंतीवरची ओली रेघ माझ्या गुडघ्याच्या वर होती. लोखंडी रॅकच्या खालच्या दोन फळ्या पूर्ण बुडून निघाल्या होत्या. त्या फळ्यांवर होते टीआर.

टीआर म्हणजे टॅब्युलेशन रजिस्टर. संगणक येण्याआधी प्रत्येक परीक्षेचा निकाल या जाड बांधणीच्या रजिस्टरांत हातानं लिहिला जायचा. आसन क्रमांक, नाव, विषयवार गुण, शेरा, खाली तिघांच्या सह्या. विद्यार्थ्याची गुणपत्रिका हरवली, जळली, उंदरांनी खाल्ली, तरी टीआरमध्ये त्याची ओळ असते. 1985 साली बीकॉम झालेला माणूस आज पेन्शनच्या कामासाठी दुय्यम गुणपत्रिका मागायला येतो, तेव्हा आम्ही तीच ओळ शोधतो. ती ओळ गेली तर तो माणूस कधी शिकलाच नाही असं होतं. परीक्षा विभागात माझी पहिली नोकरी 1998 ची, कनिष्ठ लिपिक म्हणून. त्या रजिस्टरांची धूळ मी वर्षानुवर्षं खाल्ली आहे.

आणि माझ्या योजनेत त्यांच्यासाठी काय होतं? सर्व्हरसाठी नऊ पानं होती. जनरेटरला डिझेल किती, ते कुठून आणायचं, प्रश्नपत्रिकांची स्ट्राँग रूम, फोनची यादी, पर्यायी परीक्षा केंद्रं, सगळं होतं. रेकॉर्ड रूमसाठी एक ओळ होती : "महत्त्वाची कागदपत्रं सुरक्षित ठिकाणी हलवावीत." कोणती कागदपत्रं, कोणी, कोणत्या ठिकाणी, काही नाही. ती ओळ मी लिहिली होती. पाण्यात उभं राहून मला ती शब्दन् शब्द आठवली.

पुढचं वाचवलं ते आमच्या दफ्तरी काकांनी. निवृत्तीला दोन वर्षं उरली होती त्यांची. पँट गुडघ्यापर्यंत दुमडून ते आत शिरले, एका रॅकपाशी थांबले आणि म्हणाले, "मॅडम, वरच्या फळीचं सोडा. त्र्याऐंशी ते एक्क्याण्णव खाली हाय. आर्ट्स अन् कॉमर्स. ते स्कॅन नाई झालं अजून." स्कॅनिंगचं काम आम्ही नव्याकडून जुन्याकडे करत आलो होतो आणि तेव्हा कसेबसे 1998 पर्यंत पोचलो होतो. जड रजिस्टरं खाली आणि हलकी वर, हा कोणीतरी चाळीस वर्षांपूर्वी पाठदुखीच्या भीतीनं घातलेला क्रम. त्यामुळे नेमकी तीच भिजली ज्यांची दुसरी प्रत कुठेच नव्हती. 212 रजिस्टरं.

ओल्या कागदाचे काही नियम आहेत, ते मी एका प्रशिक्षणात ऐकले होते आणि तोवर कधी वापरले नव्हते. ओलं रजिस्टर उघडायचं नाही. दाबून पाणी काढायचं नाही. पानं सोडवायला गेलं की फाटतात. उन्हात टाकायचं नाही, बांधणी वाकडी होते आणि पानं एकमेकांना चिकटून वाळतात. आपल्याकडच्या सप्टेंबरच्या दमट उकाड्यात दोन दिवसांत बुरशी धरते, आणि बुरशी धरली की खेळ संपला. एकदम इतकं वाळवायला जागा आणि माणसं नसतील तर थंडीत ठेवायचं. गोठवता आलं तर उत्तम. कागद थंडीत जसाच्या तसा थांबतो आणि आपल्याला वेळ मिळतो. मग थोडं थोडं बाहेर काढून वाळवायचं.

नागपुरात थंडी विकत मिळते ती कळमन्याच्या शीतगृहांत. माझ्या नणंदेचे दीर मिरचीच्या व्यापारात. त्यांना फोन केला. त्यांनी एका शीतगृहाच्या मालकांना जोडून दिलं. ते आधी म्हणाले, "ताई, मिरचीची पोती हाय इथं, ओला माल मी घेत नाई." बरोबरच होतं त्यांचं, ओलाव्यानं त्यांची मिरची खराब झाली असती. मी म्हटलं, दादा, यात नऊ वर्षांतल्या पोरांचे निकाल आहेत, तुमच्या ओळखीतलंही कोणी असेल. ते थोडा वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझी बायको त्र्याऐंशीची बीए आहे. पाठवा." एक छोटी खोली त्यांनी पोती हलवून रिकामी करून दिली. भाडं घेतलं नाही.

बाजारातून संत्र्याची प्लास्टिकची कॅरेटं आणली. प्रत्येक रजिस्टर प्लास्टिकच्या पिशवीत, कणा खाली करून, कॅरेटमध्ये उभं. प्रत्येक कॅरेटवर मार्करनं वर्ष आणि शाखा. शनिवारी रात्री आठपर्यंत दोन टेम्पो गेले. घरी महालक्ष्म्यांचं विसर्जन सासूबाईंनी केलं. मी नव्हते.

तिथलं तापमान चार-पाच अंश. गोठण्याइतकं नाही, पण बुरशी रोखण्यापुरतं होतं. मग रोज वीस रजिस्टरं आणायची, सभागृहात पंखे लावून टेबलांवर उभी पसरायची, पाच-सहा पानांनंतर एक टीपकागद, चार तासांनी तो बदलायचा. छापील वर्तमानपत्र चालत नाही, शाई उतरते. एका छापखान्यातून कोऱ्या न्यूजप्रिंटची रिळं आणून कापून घेतली. बॉलपेननं लिहिलेलं सगळं टिकलं. फाउंटन पेनच्या निळ्या शाईची काही पानं मात्र अशी झाली होती की आकड्यांच्या जागी नुसते ढग. त्या पानांवर वेगळ्या प्रकाशात फोटो काढले, काही आकडे त्यातून परत मिळाले. दिवाळीपर्यंत काम चाललं. 212 पैकी 203 पूर्ण वाचता येतात. नऊ रजिस्टरांची काही पानं गेली. त्या नऊंची यादी माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे.

ती 203 रजिस्टरं आजही उघडली की मिरचीचा वास येतो.

आता माझ्या कामाकडे येते.

पुष्कळांना वाटतं हे आपत्ती व्यवस्थापन आहे. शेजारचं आहे, तेच नाही. आपत्तीत माणसं वाचवणं हे पहिलं, त्याला 2005 चा आपत्ती व्यवस्थापन कायदा आहे, जिल्हा प्रशासन आहे, दलं आहेत. आपल्या शहराचं भाग्य असं की राष्ट्रीय नागरी संरक्षण महाविद्यालय (आता ते एनडीआरएफच्या अकादमीत विलीन झालं आहे) आणि राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय या दोन्ही संस्था नागपुरातच आहेत. देशभरातून माणसं शिकायला इथे येतात, आणि आपल्यापैकी किती जणांना त्या कुठे आहेत हे माहीत असतं? माझं काम त्यानंतरच्या सकाळी सुरू होतं. माणसं सुखरूप आहेत. आता परीक्षा कधी होणार, पगार एक तारखेला होणार का, परदेशी निघालेल्या मुलीची ट्रान्सक्रिप्ट तिला शुक्रवारपर्यंत मिळेल का.

या विषयाचं एक आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 22301. 2012 ला आलं, 2019 ला सुधारलं. त्यातली भाषा कंपन्यांची आहे, पण मधला गाभा विद्यापीठाला तंतोतंत लागू पडतो. प्रत्येक विभागाला दोन प्रश्न विचारायचे. तुमचं काम बंद पडलं तर ते किती वेळात परत सुरू व्हायला हवं? आणि तुमची किती वेळाची नोंद गेली तर तुम्ही ती परत भरू शकाल? पहिल्याला आरटीओ म्हणतात, दुसऱ्याला आरपीओ. (नागपुरात आरटीओ म्हटलं की लोकांना लायसन्स आठवतं, म्हणून मी बैठकीत सरळ "परत सुरू व्हायची वेळ" म्हणते.)

हे प्रश्न ऐकायला सोपे आहेत, पण उत्तर पहिल्या दिवशी कधीच खरं मिळत नाही. माणसं खोटं बोलतात असं नाही, त्यांनी तो विचारच केलेला नसतो. शिष्यवृत्ती विभागाचे अधीक्षक मला म्हणाले, "आमचं काम आठ दिवस थांबलं तरी काही बिघडत नाही मॅडम." मी विचारलं, कोणते आठ दिवस? महाडीबीटीवर अर्ज पडताळून पुढे पाठवायची शेवटची तारीख ज्या आठवड्यात असते, तेही आठ? ते हातातला पेन खाली ठेवून बसून राहिले. विद्यापीठाचं वर्ष सपाट नसतं. तोच सर्व्हर मे महिन्यात दोन दिवस बंद पडला तर एखादी तक्रार येते, आणि हिवाळी परीक्षेच्या हॉलतिकिटांच्या आठवड्यात चार तास बंद पडला तर फाटकाबाहेर पोरं उभी राहतात. म्हणून माझी योजना विभागवार नाही, महिनावार आहे. भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता, कोणत्या महिन्यात कोणतं काम एक तासही थांबू शकत नाही ते लाल पेननं. हे मला कोणत्याही पुस्तकानं शिकवलं नाही.

दुसरं उदाहरण सूक्ष्मजीवशास्त्राच्या एका प्राध्यापिकेचं. त्यांच्याकडे उणे 80 अंशांचा डीप फ्रीझर. त्यात चौदा वर्षं जमवलेले मातीतले जिवाणू, बोटभर नळ्यांमध्ये. आपला उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे, मे 2013 मध्ये पारा 47.9 ला गेला होता. असा फ्रीझर आतली उष्णता बाहेर खोलीत टाकतो. खोलीचा एसी गेला की खोली भट्टी होते, कॉम्प्रेसर अडखळतो, आणि चौदा वर्षं पाणी होऊन जातात. जनरेटर, अलार्म, कोरड्या बर्फाचे पुरवठादार हे सगळं झालं, पण खरा उपाय साधा होता : प्रत्येक नळीची जोडी करून अर्धा साठा दुसऱ्या इमारतीतल्या दुसऱ्या फ्रीझरमध्ये. त्या तयार होईनात. "माझं लेकरू दुसऱ्याच्या घरी ठेवू?" असंच म्हणाल्या. मी तीन महिने जात राहिले. चहा पिऊन परत येत राहिले. शेवटी एका रविवारी त्यांनी स्वतः फोन केला, "या, आज हलवू." दोघींनी मिळून हलवलं, थर्माकोलच्या पेटीत, कोरडा बर्फ घालून, रस्ता ओलांडून. या कामात अर्धा वेळ असाच जातो. ज्याला हे नकोसं वाटतं त्यानं या वाटेला येऊ नये.

उन्हाळ्याचंच आणखी एक. सर्व्हर रूमचा एसी बंद पडला की आपल्याकडे पहिला सुचणारा उपाय म्हणजे कूलर. मे महिन्यात एका दुपारी मी पोचले तर दोघं जण वाळ्याचा कूलर ढकलत आत नेत होते, अगदी मनापासून. कूलरची हवा थंड असते, पण ओली असते, आणि ओलावा यंत्रांच्या आत बसला की गंज आणि शॉर्टसर्किट. तेव्हापासून सर्व्हर रूमच्या दारावर मोठी पाटी आहे : कूलर आत नेऊ नये. त्याखाली काय करावं तेही लिहिलं आहे, कारण नुसतं "नको" लिहिलं की घाबरलेला माणूस ते करूनच बसतो. कोणते सर्व्हर आधी बंद करायचे याची क्रमवारी, आणि फिरत्या एसीचं कपाट कुठे आहे.

मे 2024 च्या अखेरीस शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते, आठवत असेल. अर्ध्या तासात तो आकडा सगळ्या ग्रुपवर फिरला आणि मला वरून विचारणा झाली, आत्ताच्या आत्ता सगळं बंद करायचं का. आमचा नियम आहे की एका आकड्यावर निर्णय घ्यायचा नाही, दोन ठिकाणांहून खात्री करायची. नंतर हवामान खात्यानंच सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. ऊन भयंकर होतं, पण पंचेचाळीसच्या आसपासचं, आणि त्यासाठी आमच्याकडे आधीच ठरलेलं वेळापत्रक होतं : कामं सकाळी सात ते बारा.

मी या कामात आले कशी? 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली. माणसं गेली, मजलेच्या मजले फायली जळाल्या. तेव्हा मी परीक्षा विभागात वरिष्ठ लिपिक. संध्याकाळी टीव्हीसमोर बसून मी धूर बघत होते आणि डोक्यात एकच, आपले टीआर. दुसऱ्या दिवशी एक टिपण लिहून वर पाठवलं. ते फिरत राहिलं. मग मार्च 2020 आला. टाळेबंदी लागली तेव्हा पुनर्मूल्यांकनाच्या उत्तरपत्रिका एका कपाटात कुलूपबंद होत्या, किल्ली अधीक्षकांच्या खिशात, आणि अधीक्षक गोंदियाला सासुरवाडीत अडकलेले. एका किल्लीसाठी शेकडो मुलांचे निकाल थांबले. त्यानंतर झालेल्या समितीत कोणाला तरी माझं आठ वर्षांपूर्वीचं टिपण आठवलं. अशी मी सदस्य सचिव झाले, आणि मग ते पूर्णवेळचं काम झालं.

जगातल्या दोन विद्यापीठांचे अनुभव मी प्रत्येक नव्या माणसाला सांगते. नेदरलँड्समधलं मास्ट्रिख्ट विद्यापीठ. ऑक्टोबर 2019 मध्ये कोणीतरी एका फसव्या ईमेलमधली लिंक उघडली. चोर दोन महिने गुपचूप आत फिरत होते. 23 डिसेंबरला, नाताळच्या सुट्टीच्या तोंडावर, त्यांनी 267 सर्व्हर कुलूपबंद केले. बॅकअप होता, पण त्यातला काही त्याच नेटवर्कला जोडलेला होता, तोही गेला. शेवटी विद्यापीठानं 30 बिटकॉइन खंडणी दिली, त्या वेळचे सुमारे दोन लाख युरो. पैसे द्यावेत की नाही यावर वाद घाला, माझं मत देऊ नयेत असंच आहे. पण मला त्यांचा आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी : फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी परिषद घेऊन काय चुकलं ते सगळ्यांसमोर मांडलं. दुसरं क्योतो विद्यापीठ. डिसेंबर 2021 मध्ये तिथल्या महासंगणकाच्या साठ्यातून 77 टेराबाइट संशोधन पुसलं गेलं, आणि तेही बॅकअपच्याच प्रणालीतल्या चुकीमुळे. जे रक्षणासाठी ठेवलं त्यानंच खाल्लं.

म्हणून मी "बॅकअप आहे" या वाक्यावर विश्वास ठेवत नाही. मी म्हणते, परत आणून दाखवा. एकदा मी संगणक विभागाला एक आसन क्रमांक दिला, हिवाळी 2011 चा, आणि म्हटलं ही एक गुणपत्रिका बॅकअपमधून काढून द्या, घड्याळ सुरू. टेप सापडली वीस मिनिटांत. छान लेबल लावलेली, कोरड्या कपाटात. ती वाचणारं यंत्र मात्र चार वर्षांपूर्वी भंगारात गेलं होतं. संगणक विभागातल्या मुलांचे चेहरे उतरले. मी त्यांना रागावले नाही, कारण हे कळायलाच तर तालीम होती. शेवटी पुण्याच्या एका ओळखीतून यंत्र आलं, सगळ्या टेप वाचून नव्या डिस्कवर घेतल्या. आता तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक शहराबाहेर आणि तिला नेटवर्कची तार नाही.

भाचीच्या मैत्रिणीला जे सांगितलं ते असं. "बिझनेस कंटिन्युइटी मॅनेजर" अशी जाहिरात तुला बँकांत आणि आयटी कंपन्यांत दिसेल, पुण्या-मुंबईत जास्त, आपल्या नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रातही बघत राहा. विद्यापीठात तशी जाहिरात शोधत बसू नकोस. इथे तू दुसऱ्या दारानं येशील, आयटीतून, प्रशासनातून, ग्रंथालयातून, आणि हे काम स्वतः उभं करशील. प्रमाणपत्रं आहेत, ब्रिटनच्या बिझनेस कंटिन्युइटी इन्स्टिट्यूटची आणि अमेरिकेच्या डीआरआय या संस्थेची, दोन्हींचा उपयोग होतो. टाटा समाजविज्ञान संस्थेत आपत्ती अभ्यासाचं शिक्षण आहे. पण त्याआधी सहा महिने कोणत्या तरी कार्यालयात खिडकीवर बस. काय थांबलं की कोण रडतं, ते खिडकीवर कळतं. पगार ठीक आहे, श्रीमंती नाही. काम नीट झालं तर काहीच घडत नाही, आणि न घडलेल्या गोष्टीसाठी निधी मागायला दर वर्षी वित्त विभागात उभं राहावं लागतं. मला ते अवघड जातं, अजूनही. दर वर्षी मी एक कॅरेट घेऊन जाते, त्यात 1986 चं एक रजिस्टर असतं. वित्त अधिकाऱ्यांच्या टेबलावर ते उघडून ठेवते आणि वास येईपर्यंत बोलत नाही.

दफ्तरी काका आता निवृत्त झालेत. जाण्याआधी मी त्यांच्याबरोबर अकरा दुपारी रेकॉर्ड रूममध्ये बसले. ते बोलत गेले, मी लिहीत गेले. कोणती फळी, कोणतं वर्ष, कुठलं रजिस्टर दोन खंडांत फुटलंय, 1977 च्या पुरवणी परीक्षेचे निकाल दुसऱ्याच शाखेच्या बांधणीत कसे गेलेत. कुठे लिहिलेलं नव्हतं यातलं काही. त्याचा नकाशा आता योजनेचा पहिला भाग आहे, त्या एका ओळीच्या जागी तेवीस पानं. खालच्या दोन फळ्या रिकाम्या आहेत, आणि स्कॅनिंग 1979 पर्यंत पोचलंय.

येत्या सोमवारी तालीम आहे. रेकॉर्ड रूमच्या किल्ल्या आता तिघांकडे असतात. सकाळी अकराला मी त्यातल्या दोघांना आधी काही न सांगता अचानक सुट्टी देणार आहे, तिसऱ्याला फोन बंद ठेवायला सांगणार आहे, आणि खिडकीवर एक अर्ज टाकणार आहे : कॉमर्स, उन्हाळी 1984, दुय्यम गुणपत्रिका, तातडीची.